किराळ लागण्याआधी

ज्या ज्वारीचा कडबा वर्षभर दावणीला पुरतो, तीच ज्वारी कोवळेपणी धडधाकट म्हैस तासाभरात आडवी करते, हे कर्नाटक सीमेवरच्या दुधनीच्या शिवारातल्या जुन्या माणसांना सांगावं लागत नाही. ‘किराळ लागली’ एवढंच ते म्हणतात आणि डॉक्टरकडे माणूस पिटाळतात. काळजी वाटते ती कर्ज काढून दोन म्हशी बांधणाऱ्या पोरांची.

ज्वारीच्या कोवळ्या पानांत धुरीन नावाचं संयुग असतं. डन्स्टन आणि हेन्री या शास्त्रज्ञांनी १९०२ मध्ये इजिप्तच्या ज्वारीतून ते वेगळं काढलं. पान शाबूत आहे तोवर ते गप्प असतं. जनावराने पान चावलं की त्यातून हायड्रोजन सायनाइड सुटू लागतं, आणि रवंथ करणाऱ्यांच्या पोटातले जीवाणू त्याला आणखी वेग देतात. मग रक्तात प्राणवायू असूनही पेशींना तो वापरता येत नाही. जनावर धापा टाकतं, तोंडाला फेस येतो, पाय लटपटतात, झटके येतात. रक्त मात्र लालभडक दिसतं.

पावसाळ्यातला कोवळा हिरवा चारा जपून घालावा, हे बहुतेकांना ठाऊक असतं. आपल्या रब्बीच्या मुलखात खरा घात उन्हाळ्याच्या तोंडी होतो. मालदांडी ज्वारी निघालेली असते, रानात धसकटं उभी असतात, आणि मार्च-एप्रिलमध्ये अवकाळीची एखादी सर येते. चार दिवसांत धसकटांना हिरवेगार फुटवे येतात. गव्हाणीत तेव्हा खडखडाट असतो, भुकेलं जनावर त्या हिरव्यावर तुटून पडतं. ताण बसलेल्या पिकाला नंतर पाणी मिळालं की येणारी वाढ अशीच विषारी असते, आणि युरिया जास्त पडला असेल तर धोका आणखी वाढतो. पावसाअभावी पीक वाळू लागलं की ‘दाणा नाही तर नाही, निदान गुरं तरी खातील’ म्हणून शेतकरी त्यात गुरं सोडतो. त्या शेतकऱ्याला मी दोष देणार नाही. चारा विकत घ्यायला पैसा नसतो, तेव्हाच तर माणूस असं करतो.

म्हणूनच माझं मागणं सरकारी यंत्रणेकडे आहे. किराळीवर सोडियम नायट्राइट आणि सोडियम थायोसल्फेट शिरेतून देतात. वेळेत मिळालं तर पडलेलं जनावर उठतं. १९६२ या क्रमांकावर फोन केला की पशुवैद्यकीय गाडी येते, ही सोय चांगलीच आहे, पण सीमेवरच्या वाडीवर ती पोहोचेपर्यंत पुष्कळदा खेळ आटोपलेला असतो. ही इंजेक्शनं फेब्रुवारीअखेर प्रत्येक गावपातळीच्या दवाखान्यात हवीत. शिवाय पिक्रेट कागदाची तपासणी अगदी स्वस्त आहे: बाटलीत ठेचलेली पानं, क्लोरोफॉर्मचे थोडे थेंब, वर लटकवलेली पिवळी पट्टी. विष असेल तर पट्टी विटकरी लाल होते. शेतकऱ्याने मूठभर फुटवे आणावेत आणि तिथल्या तिथे निकाल घेऊन जावं, यात अवघड ते काय?

तोवर घरच्या घरी एवढं पाळा. गुडघाभर उंचीच्या आतली ज्वारी आणि धसकटांवरचा फुटवा जनावराच्या तोंडी लागू देऊ नका. फुटलेल्या रानाकडेने गुरं न्यायची असतील तर आधी सुका कडबा घालून मगच दावं सोडा. नीट वाळलेल्या कडब्यात हे विष फारसं उरत नाही. झटके येत असलेल्या जनावराला नळीने काहीही पाजू नका, ते फुफ्फुसात जातं. या चार ओळी दुधनीच्या बाजार समितीच्या आवारात फळ्यावर लागाव्यात, मराठीत आणि कन्नडमध्येही, कारण इथे ज्वारी घेऊन येणाऱ्यांच्या घरात दोन्ही भाषा बोलल्या जातात.