दाराची परीक्षा बाहेरून

घरच्या संगणकावर नेक्स्टक्लाउडसारखे वेब अ‍ॅप्लिकेशन बसवून त्यात कुटुंबाची छायाचित्रे व कागदपत्रे ठेवण्याची हौस हल्ली वरच्या इयत्तांतील काही विद्यार्थ्यांत दिसून येते. ही हौस स्तुत्य होय. कारण जो यंत्र स्वतः मांडतो त्यासच त्याचे मर्म कळते. तथापि मांडणी पुरी होताच एक जण सांगतो, 'आमचे अ‍ॅप्लिकेशन जगात कोठूनही उघडते'. दुसरा सांगतो, 'आमचे घराबाहेर मुळीच दिसत नाही'. आम्ही दोघांसही एकच प्रश्न करितो : हे आपण पाहिले कोठून? उत्तर बहुधा एकच येते : घरातून. आमच्या मते ही परीक्षाच नव्हे.

कारण उघड आहे. १२७.०.०.१ या पत्त्यावर संगणक केवळ स्वतःशीच बोलत असतो. १९२.१६८ या अंकांनी आरंभ होणारे पत्ते खासगी जाळ्यांसाठी राखलेले आहेत; १९९६ सालच्या नियमलेखात तसे नमूद आहे. बाहेरच्या जगास दिसतो तो राउटरचा सार्वजनिक पत्ता. आणि अमुक पोर्टवर आलेली मागणी अमुक संगणकाकडे धाडावी अशी आज्ञा राउटरास दिल्यावाचून पाहुणा उंबरठ्यावरूनच परततो. राउटरासच १००.६४ ते १००.१२७ यांमधील पत्ता मिळाला असेल, तर अनेक ग्राहकांत मिळून एकच सार्वजनिक पत्ता आहे असे समजावे. मग ती आज्ञाही निष्फळ होते. उलटपक्षी आयपीव्ही६ पद्धतीत प्रत्येक उपकरणास सार्वजनिक पत्ता मिळू शकतो, व आड राहते ती केवळ फायरवॉल. घरातूनच सार्वजनिक पत्ता उघडून पाहिला तरी निर्णय लागत नाही. कित्येक राउटर ती मागणी आतल्या आत वळवितात, तर कित्येक टाकून देतात.

हातच्या कांकणाला आरसा कशाला, असे आपण म्हणतो. येथे मात्र आरसा हवाच. मोबाइलचे वाय-फाय बंद करून मोबाइल डेटावर पत्ता उघडावा, किंवा परगावच्या आप्तास उघडावयास सांगावे. 'जोडणी नाकारली' असे उत्तर आले तर मागणी बहुधा कोठेतरी पोहोचली, परंतु त्या पोर्टवर ऐकणारे कोणी नाही. नुसतीच वाट पाहावी लागली तर ती बहुधा वाटेतच अडली. मात्र ४४३ हे पोर्ट बंद आढळले म्हणून ८० किंवा ८०८० हेही बंद आहे असे मानू नये. प्रत्येक दार निराळे तपासावे.

कोणी म्हणेल, 'आमचा पत्ता कोणास ठाऊक?' हा भ्रम होय. २०१३ साली मिशिगन विद्यापीठातील संशोधकांनी झेडमॅप हे साधन प्रसिद्ध केले. त्यायोगे एका संगणकावरून एखाद्या पोर्टासाठी आयपीव्ही४ चे सारे सार्वजनिक पत्ते पाऊण तासाच्या आत धुंडाळता येतात, असे त्यांनी दाखविले. पत्ता न सांगणे म्हणजे दार लावणे नव्हे. शिवाय नेक्स्टक्लाउड ब्राउझरमधून प्रथमच मांडताना जो ते पान आधी उघडतो, तोच व्यवस्थापकाचे नाव व पासवर्ड ठरवू शकतो. ते पान जगास खुले राहिले, तर घराचा मालक परकाच ठरावयाचा! यास्तव आधी व्यवस्थापक नेमावा, मग दार उघडावे.

मुळात दार उघडणे अगत्याचे आहे काय, हाही विचार व्हावा. घरच्याच चार माणसांचे काम असेल तर वायरगार्डसारख्या व्हीपीएनने भागते. अ‍ॅप्लिकेशन जगापुढे मांडण्याचे कारण उरत नाही. या निर्णयात पालकांनी भाग घ्यावा अशी आमची विनंती आहे. कारण त्या संगणकात धाकट्या भावंडांची छायाचित्रे असतात, आजोबांचे दस्तऐवज असतात. तंत्र न कळले तरी चालेल; 'बाहेरून पाहिलेस काय?' एवढे मुलास विचारणे कोणत्याही मातापित्यांस साध्य आहे. विद्यार्थ्यांनीही 'उघडे' वा 'बंद' हा शब्द, बाहेरून पाहिल्यावाचून, उच्चारू नये.