इंजिनाची मुभा आणि हवेचा हक्क

मोटारसायकलीच्या इंजिनात हवा किती आणि पेट्रोल किती जावे, हा प्रश्न एके काळी मालकाच्या हातातील स्क्रू-ड्रायव्हरने सुटत असे. राजदूत, जावा किंवा बुलेट बाळगणारा माणूस रविवारी सकाळी कार्ब्युरेटर उघडी, जेट साफ करी आणि कान देऊन इंजिनाचा सूर लावी. देशात 1 एप्रिल 2020 पासून भारत स्टेज सहा ही प्रदूषण मानके लागू झाली आणि बहुतेक नव्या दुचाकींतून कार्ब्युरेटर हद्दपार झाला. त्याची जागा इंजेक्टरने व त्याला हुकूम सोडणाऱ्या इलेक्ट्रॉनिक नियंत्रकाने, म्हणजे ईसीयूने घेतली. यंत्र अधिक शहाणे झाले. मालकाला मात्र त्यात हात घालायला जागा उरली नाही.

ही उणीव भरून काढण्यासाठी बाजारात एक छोटी डबी मिळते. ईसीयू आणि इंजेक्टर यांच्या मध्ये ती जोडली जाते. इंजेक्टर किती मिलिसेकंद उघडा राहावा याविषयीचा ईसीयूचा हुकूम ती वाटेत अडवते, त्यात फेरफार करते आणि मग पुढे पाठवते. बॅटरीची ऋण तार सोडवावी, आसन व टाकी उतरवावी, कारखान्याचे जोड सोडवून त्या ठिकाणी डबीचे जोड बसवावेत आणि लॅपटॉपवरून आकड्यांचा तक्ता आत भरावा, एवढेच हे काम. कोठे तार कापावी लागत नाही. टाकीची पेट्रोलनळी मात्र दाबाखाली असते, याचे भान न ठेवणाऱ्याच्या हातून अनर्थ घडू शकतो. एरवी घरच्या अंगणात दोन तासांत होणारी ही गोष्ट आहे. सुशिक्षित तरुणांना तिचे आकर्षण वाटते यात नवल नाही.

या आकर्षणाला केवळ वेगाचे वेड म्हणून झिडकारणे अन्यायाचे होईल. त्यामागील तक्रारीत तथ्य आहे. एक किलो पेट्रोल पूर्णपणे जळण्यास सुमारे 14.7 किलो हवा लागते. सर्वाधिक जोर मिळतो तो मात्र मिश्रण याहून थोडे अधिक पेट्रोलयुक्त, म्हणजे साडेबारा ते तेरास एक या प्रमाणात असताना. प्रदूषणाची मर्यादा सांभाळण्यासाठी कारखाना मिश्रण बेताचे ठेवतो; त्यामुळे काही गाड्या मंद गतीत धक्के देतात, काही अधिक तापतात. स्वतःच्या पैशाने घेतलेल्या वाहनातील हा दोष दूर करावा असे कोणास वाटले, तर ते स्वाभाविक होय. शिवाय ज्याने ही डबी समजून बसवली, त्याने इंजिनाविषयी अशा काही गोष्टी आत्मसात केलेल्या असतात, ज्या केवळ पाठ्यपुस्तकातून कळत नाहीत.

असे असले तरी या प्रश्नाला दुसरी बाजू आहे आणि ती अधिक वजनदार आहे. धूर निघण्याच्या नळीत बसवलेला उत्प्रेरक परिवर्तक, म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, विषारी वायूंचे निर्विष वायूंत रूपांतर करतो. परंतु हे काम तो मिश्रण 14.7 च्या अगदी निकट असतानाच नीट करू शकतो. पेट्रोल वाढले की कार्बन मोनॉक्साइड व न जळलेले इंधन वाढते. हवा वाढली की नायट्रोजनची ऑक्साइडे वाढतात. मिश्रण योग्य राहावे म्हणून ईसीयू ऑक्सिजन सेन्सरकडून सतत खबर घेत असतो. ती खबर खरी राहिली तर डबीने केलेला फेरफार ईसीयू पुन्हा पुसून टाकील. म्हणूनच अशा अनेक संचांत त्या सेन्सरची दिशाभूल करणारा एक जोडही असतो. येथे दुरुस्तीची सीमा संपते आणि पहारेकऱ्याच्या डोळ्यांवर पट्टी बांधण्यास आरंभ होतो. मिळणारा जोर एकाचा. धूर मात्र मागच्या रिक्षातील प्रवाशाचा, चौकातील पोलिसाचा आणि शाळेच्या फाटकाशी उभ्या असलेल्या मुलांचा.

अमेरिकेने या प्रश्नाचा निकाल कठोरपणे लावला. हार्ले-डेव्हिडसन कंपनीने 2008 पासून असे सुमारे 3 लाख 40 हजार संच विकले, असे तेथील पर्यावरण संरक्षण संस्थेचे म्हणणे होते. ते केवळ शर्यतीच्या गाड्यांसाठी होते असा कंपनीचा बचाव होता. तिने दोष मान्य केला नाही. तरीही ऑगस्ट 2016 मधील तडजोडीनुसार तिने 1 कोटी 20 लाख डॉलर दंड भरण्याचे, विक्री थांबवण्याचे व दुकानांतील शिल्लक संच परत घेऊन नष्ट करण्याचे कबूल केले. कारवाईचा रोख एकेकट्या मोटारसायकलस्वाराकडे नव्हता, विक्रेत्या कंपनीकडे होता, ही बाब लक्षणीय आहे.

आपल्याकडे कायदा कमी कडक नाही. मोटार वाहन कायद्याचे कलम 52 कारखान्याने नमूद केलेल्या तपशिलाशी विसंगत बदल करण्यास मनाई करते आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या मनाईवर शिक्कामोर्तब केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अनधिकृत बदल करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे 5 हजार रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. परंतु कायद्याचा दरारा तपासणीवर अवलंबून असतो. पेट्रोलवरील दुचाकीची पीयूसी चाचणी होते ती इंजिन जागेवर मंद चालू ठेवून, आणि तीत कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोकार्बन एवढेच मोजले जातात. नायट्रोजनच्या ऑक्साइडांची तेथे दादच लागत नाही. डबीचा तक्ता मंद गतीला हात न लावता केवळ वरच्या वेगासाठी बदललेला असेल, तर गाडी चाचणीत सुखाने उत्तीर्ण होते. अशा रीतीने कागदावर कडक आणि रस्त्यावर आंधळा असा कायदा चोखंदळ हौशी माणसाला गुन्हेगार ठरवतो आणि बेफिकीर विक्रेत्याला मोकळा सोडतो.

यातून मार्ग नाही असे नाही. कॅलिफोर्नियाचे वायुसंपदा मंडळ सुट्या भागांची परीक्षा घेते. प्रदूषण वाढत नाही हे सिद्ध झालेल्या भागाला रीतसर आदेश क्रमांक देते आणि तोच भाग रस्त्यावर वैध मानते. आपल्यालाही ही कल्पना अपरिचित नाही. सीएनजी व एलपीजीचे संच वाहनाला मागाहून बसवता येतात, ते मान्यताप्राप्त संस्थेच्या चाचणीत उतरल्यावरच. पुण्याची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया, म्हणजे एआरएआय, हे काम करते. इंधन नियंत्रक संचांनाही तोच दंडक लावावा. जो संच परीक्षेत उतरेल तो उघड विकला जावा, जो उतरणार नाही त्याच्या विक्रेत्यावर प्रथम कारवाई व्हावी आणि पीयूसीची चाचणी मंद गतीपलीकडे न्यावी. त्याचबरोबर वाहन कंपन्यांनी दुरुस्तीची माहिती ग्राहकाला खुली करावी. दुरुस्तीच्या हक्कासाठी केंद्र सरकारने 2022 मध्ये समिती नेमली, तीमागील तत्त्व हेच होते.

घरच्या अंगणात हातात पाना घेणारा तरुण समाजाला हवाच आहे. आपले यंत्र समजून घेण्याचा त्याचा हक्क निर्विवाद आहे. मात्र इंजिन ज्याच्या मालकीचे असते, हवा त्याच्या मालकीची नसते. त्याच्या कुतूहलाला परीक्षित संचाची वाट खुली करून द्यावी. सेन्सरला फसवण्याची वाट मात्र बंदच राहिली पाहिजे.