मावशींच्या पिशवीची झडती

अम्मीच्या पाटल्या सापडेनात तेव्हा आम्ही सगळ्यात आधी तिला सांभाळणाऱ्या मावशींची पिशवी उघडली. पाटल्या निघाल्या तांदळाच्या डब्यात. अम्मीनेच ठेवल्या होत्या. स्मृतिभ्रंशात माणूस वस्तू लपवतो, विसरतो आणि जवळच्यावरच चोरीचा आळ घेतो, हे डॉक्टरांनी आम्हाला बजावलं होतं. मावशींना ते कुणी सांगितलंच नाही. आणि वेळ आली तेव्हा आम्हीही विसरलो.

त्या रोज बारा तास अम्मीसोबत एकट्या असतात. जोहरची नमाज पढून उठलेली अम्मी पाच मिनिटांत पुन्हा वजूला पाणी मागते. मावशी न चिडता पुन्हा जानमाज अंथरतात. (सुधच हरपलेल्यावर नमाज फर्ज राहत नाही, पण हे तिला कोण समजावणार?) संध्याकाळी ‘मला घरी जायचंय’ म्हणत ती दाराकडे धावते. अडवलं की ओरबाडते.

देशात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना हा आजार असल्याचा अंदाज आहे. आईबापाच्या खिदमतीवर आपल्याकडे बयान भरपूर होतात. आपल्या वाटची खिदमत पगारावर करणाऱ्या बाईच्या रजेबद्दल मात्र एक शब्द नाही. महाराष्ट्रात घरेलू कामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदा २००८ सालीच झाला. पण आजार नीट समजावून सांगायला, आळ आला तर बाजू घ्यायला, आठवड्याची भरपगारी सुट्टी द्यायला कायदा कशाला हवा?

मावशींची आम्ही माफी मागितली. आता रविवारी भावंडं आळीपाळीने थांबतो. माझ्या पहिल्याच रविवारी, असरच्या आत, माझा आवाज अम्मीवर दोनदा चढला.