नंबर गेला, पडदा राहिला

गेल्या महिन्यात भाचीचा फोन आला. ‘‘मामा, माझा नंबर गेला!’’ उणे आठचा चष्मा लेझरने उतरला होता, घरात पेढे वाटून झाले होते. मीही अभिनंदन केले. पण डोळा होता तेवढाच लांब राहिला आहे, हे तिला कुणी सांगितले होते की नाही कोण जाणे.

मला तरी ते साठी उलटेपर्यंत कुठे ठाऊक होते? माझ्या उजव्या डोळ्याचा नंबर उणे चौदा. बँकेत उभी हयात गेली, पण लेजरची रेघ कधी वाकडी दिसली नाही. तीन वर्षांपूर्वी कादंबरीची प्रुफे तपासताना मात्र ओळी मध्येच खचलेल्या दिसू लागल्या. दोष मी छापखान्याला देऊन मोकळा झालो. एका खात्यातली तूट दुसऱ्या खात्यातून भरून दाखवावी, तसा धड डोळा अधू डोळ्याची लबाडी झाकत होता. एकदा चष्मा पुसताना डावा डोळा मिटला, तेव्हा चोरी उघडकीला आली.

मोठा नंबर म्हणजे बहुतेक वेळा लांबलेला डोळा. साधारण डोळा पुढून मागे 24 मिलिमीटरच्या आसपास असतो; उणे सहाच्या पुढे तो बहुधा 26 मिलिमीटर ओलांडतो. दोन मिलिमीटरचे काय एवढे? पण पडद्याची, म्हणजे रेटिनाची, जाडीच मुळी पाव मिलिमीटरच्या आसपास! डोळ्याची भिंत मागे फुगत जाते, पडद्याचे सगळ्यांत आतले अस्तर मात्र तितके ताणत नाही. या ओढाताणीत पडद्याचे थर एकमेकांपासून सुटू लागतात. कधी पडद्यावर एक पातळ पापुद्रा धरतो, आकसतो आणि खालच्या पडद्याला चुण्या पाडतो. माझ्या ओळी खचल्या त्या या पापुद्र्यामुळे. पडद्यामागच्या अस्तराला तडे गेले तर दुखणे आणखी वाईट. त्या तड्यांतून नाजूक रक्तवाहिन्या वर येतात आणि पाझरतात. त्यांना आवरण्यासाठी आता डोळ्यात इंजेक्शने देतात. वेळेवर दिली तर नजर वाचते, पण व्रण पडून गेल्यावर गेलेली नजर सहसा परत येत नाही. पापुद्रा फार ओढू लागला तर शस्त्रक्रियेने सोलून काढतात.

थर सुटल्याचे नुसत्या दिव्याने तपासून कळणे कठीण. पडद्याचा उभा छेद दाखवणारे ओसीटी यंत्र 1991 मध्ये जगापुढे आले. तोवर अशा कितीजणांना ‘नंबरच मोठा, चालायचेच’ म्हणून घरी पाठवले असेल! यंत्र आल्यानंतरही माझ्या चष्म्याच्या दुकानात वर्षानुवर्षे फक्त नंबर बदलत राहिला. थेंब घालून बाहुली मोठी करा, पडदा तपासून घ्या, असे कुणी म्हटले नाही. मीही विचारले नाही.

हे माझ्या एकट्याचे रडगाणे असते तर रविवारची जागा अडवली नसती. 2050 पर्यंत जगातली निम्मी माणसे लांबचे अंधूक पाहणारी असतील आणि दहांतल्या जवळजवळ एकाचा नंबर मोठा असेल, असा अंदाज 2016 मध्ये प्रसिद्ध झाला. मोठा नंबर असलेल्या प्रत्येकाचा पडदा बिघडतो असे नाही. पण संख्या फुगली की बिघडणारेही वाढणारच. तैवानने 2010 पासून शाळकरी मुलांना रोज दोन तास उघड्यावर काढायचा कार्यक्रम घेतला आणि वर्षानुवर्षे चढत गेलेला आलेख पुढे खाली वळला. चीनच्या सरकारने 2018 मध्ये मुलांच्या नजरेचा प्रश्न थेट शासकीय उद्दिष्टांत आणला. आपल्याकडे शाळांत डोळे तपासतात, चष्मे वाटतात. चांगलेच आहे. पण साधा चष्मा किरण जागेवर पाडतो, डोळ्याचे लांबणे थांबवत नाही. खेळाचा तास गणिताला देऊन मग चष्मे वाटायचे, हा हिशेब मला जुळवता येत नाही.

लेझरचेही तेच. तो डोळ्याची पुढची काच घासतो. मागचा ताण जागच्या जागी. एकतीस मार्चला ताळेबंद देखणा करण्याची कला आम्हा बँकवाल्यांना चांगली अवगत असते. थकबाकी एक एप्रिललाही तेवढीच असते.

माझ्या कपाटाच्या दाराआड चौकटींचा एक कागद चिकटवला आहे. रोज सकाळी एकेक डोळा झाकून त्याच्याकडे पाहतो. डॉक्टर म्हणाले आहेत, रेघा आणखी वाकल्या तर थांबू नका. भाचीला तसाच कागद पाठवला आणि पडद्याच्या डॉक्टरांचा नंबरही कळवला.

‘‘आता कशाला मामा, आता मला सगळं स्वच्छ दिसतंय,’’ ती म्हणाली. वेळ तिने अजून घेतलेली नाही.