हलगी कुठं गेली?

गेल्या महिन्यात मुरगुडात आमच्या कार्यालयाच्या माडीवर आम्ही चौदा जण एक रेकॉर्ड ऐकायला बसलो होतो. चार साऊंडवाले, तीन बेंजोवादक, दोन कीबोर्डवाले, हलगी-घुमकं-कैताळाच्या ताफ्यातले तिघं, लग्नाचं शूटिंग करणारा एक मित्र आणि मी. रेकॉर्ड होती ‘इंडियन ओशन’ या दिल्लीच्या बँडची ‘डेझर्ट रेन’. अट एवढीच, की मोबाईल खाली ठेवायचे आणि शेवटचा सूर विरेपर्यंत कुणी बोलायचं नाही.

हीच रेकॉर्ड का, हे बैठकीत विचारलं गेलं आणि वाचकही विचारतील. आपल्या बेंजो पार्टीला कुठल्या खान्यात बसवायचं हे आजवर कुणाला कळलेलं नाही. नागोयात १९१२ साली जन्मलेलं ‘ताइशोगोतो’ हे जपानी वाद्य आपल्याकडं बुलबुलतरंग आणि पुढं बेंजो झालं, मग त्याला पिकअप लागला, ते अँप्लिफायरला जोडलं गेलं, शेजारी ऑक्टोपॅड आला आणि ट्रॉलीपुढं हलगी चालू लागली. ही जोडणी कुठल्याही शास्त्रात लिहिलेली नाही. इंडियन ओशनची त्या वेळची जोडणीही तशीच, पुस्तकाबाहेरची. सुस्मित सेनची गिटार, राहुल रामची बेस, अमित किलमचे ड्रम आणि या तिघांच्या बरोबरीनं खाली बसून तबला वाजवता वाजवता गाणारा अशीम चक्रवर्ती. शब्द थोडे, वादन लांबलचक. रॉक म्हणावं तर तबला आडवा येतो, फ्यूजन म्हणावं तर त्यातली चकचकीत सफाई यांच्यात नाही.

१९९० साली बँड उभा राहिला. १९९३ साली पहिला अल्बम एचएमव्हीनं काढला. पुढचा अल्बम मात्र कार्यक्रमातला निघाला. १ जानेवारी १९८९ रोजी साहिबाबादजवळच्या झंडापूर गावात पथनाट्य चालू असताना रंगकर्मी सफदर हाश्मींवर हल्ला झाला आणि दुसऱ्या दिवशी ते गेले. त्यांच्या स्मरणार्थ ‘सहमत’ ही संस्था दर १ जानेवारीला दिल्लीत कलाकारांचा मेळा भरवते. १९९७ च्या मेळ्यात इंडियन ओशन वाजले, ते रेकॉर्ड झालं आणि तेच ‘डेझर्ट रेन’ म्हणून बाहेर आलं. सगळ्या देशात त्यांचं नाव झालं ते २००० सालच्या ‘कंदीसा’नं. राहुल राम नर्मदा आंदोलनात राहिलेला, त्यामुळं ‘कंदीसा’त नर्मदेचं गाणंही आहे. पण चार माणसं एकमेकांकडं बघत वाजवतात तेव्हा काय होतं, हे ऐकायचं तर मी आजही आधीच्या त्या लाईव्ह रेकॉर्डकडं वळतो.

माडीवरच्या चौदा जणांना ती एकसारखी भिडली नाही. दोन कीबोर्डवाल्यांपैकी एकानं सरळ सांगितलं, की सुरुवातीची दहा मिनिटं तो गाणं कधी सुरू होणार याची वाट बघत होता. शूटिंगवाल्याला टाळ्या कमी वाटल्या. ‘माणसं लई लांब बसल्यागत वाटत्यात,’ असं तो म्हणाला. एका साऊंडवाल्यानं बेस आणि ड्रमच्या खालच्या पट्टीत किती जागा मोकळी ठेवली आहे ते बोटानं टेबलावर दाखवलं. आपण ती जागा सबवूफरनं भरून टाकतो, हे त्यानंच कबूल केलं. हलगीवाला सगळ्यात गप्प होता. शेवटी म्हणाला, ‘गाताना हात सोडत न्हाई बघा. गळा हाताच्या मागनं चाललाय.’ तबला वाजवत गाणाऱ्याबद्दल इतकं नेमकं मी कुठं वाचलेलं नाही.

मग आम्ही आपली रेकॉर्ड लावली. जवळच्याच एका गावच्या मिरवणुकीची, मिक्सरच्या लाईन-आऊटमधून थेट पेनड्राईव्हवर घेतलेली. बेंजो स्वच्छ, कीबोर्ड स्वच्छ, ऑक्टोपॅडचा प्रत्येक ठोका वेगळा. दोन मिनिटं झाली आणि हलगीवाल्यानं अट मोडून विचारलं, ‘हलगी कुठं गेली?’

तो स्वतः त्या मिरवणुकीत तीन तास वाजवत होता. रेकॉर्डमध्ये त्याचा एक ठोका नव्हता.

कारण आपल्या सगळ्यांना माहीत आहे, पण त्याचा अर्थ आपण कधी नीट लावला नाही. हलगीला माईक लागत नाही. शेकोटीवर तापवलेलं कातडं काडीखाली असं बोलतं, की दोन गल्ल्या पलीकडं ऐकू जावं. म्हणून मिक्सरवर तिचा फेडरच नसतो. आणि मिक्सरमधून बाहेर पडतं ते संगीत नसतं, ती फक्त भर असते. रस्त्यावर जे कमी पडतं तेवढंच आपण स्पीकरमधून वाढवतो. जे मुळातच दणदणीत आहे, ते त्या तारेत उतरतच नाही. घुमक्याचं आणि कैताळाचं तेच. आदमापूरच्या यात्रेत धनगरी ढोलांचं रिंगण पडतं तेव्हा जवळच्या मंडपातल्या मिक्सरला त्याचा पत्ताही नसतो.

दुसऱ्या बाजूला मोबाईल. गर्दीतल्या पोरांनी घेतलेल्या चित्रफितींत उलटी गत. हलगी सगळं खाऊन टाकते. प्रत्येक ठोक्यासरशी फोन आपणहून आवाज खाली ओढतो, मग हळूहळू वर आणतो, तोवर पुढचा ठोका पडतो. बेंजो पाण्यात बुडून वर आल्यासारखा ऐकू येतो. अशा दोन अर्ध्या रेकॉर्डींत आपली सगळी कला विभागून पडली आहे आणि पूर्ण अशी एकही नाही.

म्हणून या हंगामासाठी एक विनंती करतो. किमान सहा ट्रॅक घेणारा, बॅटरीवर चालणारा रेकॉर्डर ज्यांच्याकडं आहे किंवा जे तो भाड्यानं आणू शकतात, त्यांनी लाईन-आऊटचे दोन ट्रॅक घ्यावेतच. तिसरा माईक हलगीसाठी, हातभर अंतरावर, कातड्याच्या मधोमध न रोखता कडेला तिरपा. साधा डायनॅमिक माईक पुरतो, महागडा कंडेन्सर मिरवणुकीत आणू नका. चौथा घुमक्या-कैताळाकडं. उरलेले दोन लोकांकडं, डोक्यांच्या वर उंच स्टँडवर, फोमची टोपी घालून आणि स्पीकरकडं पाठ करून. गेन लावताना वादकाला ‘जरा वाजवून दाखव’ म्हणू नका, तो संकोचून निम्म्या जोरानं वाजवतो. त्याला रंगात येऊ द्या आणि मग सर्वांत मोठा ठोका उणे बारा डेसिबलच्या आसपास थांबेल असं बघा. ३२ बिट फ्लोटचा रेकॉर्डर आहे म्हणून निर्धास्त राहणाऱ्यांनाही सांगतो, की माईकच फाटला तर पुढचं यंत्र त्याला शिवू शकत नाही.

घरी आल्यावर खरी मेख कळते. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. लोकांकडचा माईक हलगीपासून सतरा मीटरवर असेल, तर तिथं ठोका एक विसांश सेकंद उशिरा पोचतो. दोन्ही ट्रॅक तसेच मिसळले तर एक हलगी दोन वाजतात आणि ऐकणाऱ्याला वाटतं वादक चुकला. त्याची चूक नसते, मांडणी आपली असते. लोकांचा ट्रॅक तेवढा आधी सरकवा. त्यासाठी वादन सुरू होण्याआधी हलगीचा एक सुटा ठोका मागून घ्या, संगणकावर तो सुळक्यासारखा दिसतो आणि जुळवायला क्षण लागतो. रेकॉर्डर दोन वेगवेगळे असतील तर शेवटीही एक ठोका घ्या, कारण तासाभरात दोन यंत्रांची घड्याळं एकमेकांपासून सरकतात. चालत्या मिरवणुकीत अंतर सारखं बदलतं, तिथं हे गणित पूर्ण सुटत नाही. निदान पहिल्या वर्षी मंडपात किंवा चौकात उभ्यानं वाजवलेला तुकडा धरावा.

आता दुरुस्तीबद्दल. ‘लाईव्ह’ असं लिहून वाटल्या जाणाऱ्या आपल्याकडच्या कित्येक रेकॉर्डींत बेंजो नंतर स्टुडिओत बसून पुन्हा वाजवलेला असतो आणि वर कुठल्यातरी परक्या मैदानातल्या टाळ्या चिकटवलेल्या असतात. हा वाद फक्त आपला नाही. ‘थिन लिझी’ या आयरिश बँडचा १९७८ सालचा ‘लाईव्ह अँड डेंजरस’ थोर मानला जातो, पण त्यातलं किती मैदानातलं आणि किती नंतर भरलेलं यावर निर्माता टोनी विस्कॉन्टी एक सांगत राहिला आणि बँडमधले दुसरं. माझं मत स्पष्ट आहे. जनरेटरची घरघर काढा, वाद्यांचा तोल सावरा, फाटलेला माईक गाळा. पण न वाजलेला सूर घालू नका. बेंजोच्या पट्टीवर बोट घसरलं असेल तर घसरू द्या. त्या घसरण्यानंतर हलगीनं त्याला कसं सावरून घेतलं, हे ऐकायला मिळणं जास्त मोलाचं आहे.

लोक काय स्वीकारतील याचीही फार भीती बाळगू नये. ‘चीप ट्रिक’ हा अमेरिकी रॉक बँड दिसायलाही विचित्र, दोघं देखणे आणि दोघं जणू दुसऱ्याच कुठल्यातरी बँडमधून आलेले. त्यांनी एप्रिल १९७८ मध्ये जपानात कार्यक्रम केले आणि ‘ॲट बुडोकान’ हा अल्बम फक्त जपानसाठी काढला. त्यात जपानी पोरींचा आरडाओरडा गाण्याइतकाच मोठा आहे. अमेरिकेतले श्रोते तो बाहेरून मागवू लागले, तेव्हा कंपनीला १९७९ मध्ये तो तिथंही काढावा लागला आणि तोच त्यांचा सर्वांत खपलेला अल्बम ठरला. स्टुडिओत घासूनपुसून केलेल्या गाण्यांहून लोकांना तो गलका आपला वाटला.

आणि कोल्हापूरकरांना हे वेगळं सांगायला नको, की रेकॉर्ड नसण्याची किंमत काय असते. शाहू महाराजांच्या दरबारात गायलेल्या अल्लादियाखाँसाहेबांच्या गळ्याची एकही ध्वनिमुद्रिका मागं राहिलेली नाही. त्यांचं गाणं आपण शिष्यांच्या गळ्यातून ओळखतो. त्यांच्या शिष्या केसरबाईंचं साडेतीन मिनिटांचं गाणं १९७७ मध्ये व्हॉयेजर यानातून सूर्यमालेबाहेरच्या प्रवासाला गेलं, पण ज्यांनी त्यांना घडवलं त्यांचा आवाज कोल्हापूरच्या देवल क्लबातही ऐकायला मिळत नाही. खाँसाहेबांना निदान शिष्य होते. हलगीवाल्याची पोरं आज गवंडीकाम करतात, रिक्षा चालवतात, आणि हाताचं वळण त्याच्याबरोबरच संपतं.

अशीम चक्रवर्ती २५ डिसेंबर २००९ ला गेला. माडीवर हे मी ‘डेझर्ट रेन’ संपल्यावर सांगितलं. त्यावर थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग हलगीवाल्यानं ‘पुन्हा लावा’ म्हटलं आणि आम्ही अशीमच्या गाण्याचा भाग पुन्हा ऐकला. या वेळी कीबोर्डवाल्या मित्रानंही घड्याळाकडं पाहिलं नाही.

पुढची बैठक दसऱ्यानंतर, याच माडीवर. ज्यांनी आपलं वादन वर सांगितल्याप्रमाणं घेतलं असेल, त्यांनी सगळे ट्रॅक वेगवेगळे आणावेत, मिसळलेले आणू नयेत. मिसळणं सगळ्यांसमोर होईल आणि हलगी, घुमकं, कैताळवाले शेजारी बसून आपला आवाज कुठं ठेवायचा ते सांगतील. निपाणी-राधानगरी रस्त्यावरून येणाऱ्यांना रात्री परतायला उशीर झाला तर राहण्याची सोय आम्ही करू.

कार्यालयातलं उंच माईक-स्टँड सध्या इथं नाही. तो हलगीवाला मित्र त्याच रात्री ते सायकलला बांधून घेऊन गेला.