श्वास मोजणारे हात कुणाचे?

हिवरखेडच्या आमच्या वस्तीत लेकराला धाप लागली तरी "सर्दी हाय, जाईन" म्हणत दोन दिवस जातात. न्यूमोनियात तेच दोन दिवस जीव घेतात.

डॉ. अभय बंग आणि सहकाऱ्यांचा गडचिरोलीतला अभ्यास १९९० साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. ५८ गावांत आरोग्य कार्यकर्त्यांनी आणि गावच्या सुईणींनीही लेकरांचा न्यूमोनिया ओळखून को-ट्रायमॉक्सॅझोल दिले. त्यांच्याकडच्या रुग्णांत मृत्यू ०.८ टक्के; तुलनेच्या गावांत १३.५ टक्के.

आम्हाला यातून नवी विभूतिपूजा नको. विद्या पदवीवाल्यांच्याच हाती शोभते, हा दावा सुईणींनी खोटा पाडला, ते आमच्या कामाचं. ही मक्तेदारी आम्ही पिढ्यान्‌पिढ्या भोगली आहे. (म्हणून सरकारने डॉक्टरची रिकामी जागा आशाताईवर ढकलावी, हेही चालणार नाही.)

भीमजयंतीला आपली एवढी पोरं राबतात. त्यांतल्या दहांनी तरी घड्याळ लावून श्वास मोजायला शिकावं. लेकरू शांत असताना मिनिटाला दोन महिन्यांखाली ६०, वर्षाच्या आत ५०, पाच वर्षांपर्यंत ४० किंवा जास्त भरले, वा छाती आत ओढली जात असली, तर त्याच घटकेला दवाखाना. रात्रीच्या ऑटोचं भाडं डीजेच्या वर्गणीतून निघतं.