अंड्याचा वाद आणि सहा रुपयांचा हिशेब

शालेय पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडे देण्याचा निर्णय महाराष्ट्र सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये घेतला. जे विद्यार्थी अंडे खात नाहीत, त्यांच्यासाठी केळ्याची सोय होती. जानेवारी २०२५ मध्ये सुधारित पाककृतींचा शासन निर्णय निघाला आणि अंड्यासाठी सरकारी निधी मिळणार नाही, हे त्यातून स्पष्ट झाले. शाळांना अंडी द्यायचीच असतील तर त्यांनी ती लोकसहभागातून द्यावीत, अशी मुभा मात्र ठेवली गेली.

त्यानंतरची चर्चा ठरलेल्या वळणाने गेली. एका बाजूने संस्कारांचा मुद्दा आला, दुसऱ्या बाजूने बहुजनांच्या ताटावर बंदी आणल्याचा आरोप झाला. मुलाच्या ताटात नेमके काय पडते आणि त्यासाठी किती पैसे मिळतात, याची चर्चा त्या मानाने फार थोडी झाली.

शिजवलेले दुपारचे जेवण ही सरकारी कृपा नाही. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २००१ मध्ये सर्व राज्यांना ते देण्याचा आदेश दिला आणि २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने तो मुलांचा हक्क ठरवला. त्यानुसार पहिली ते पाचवीच्या मुलाला एका जेवणातून ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिने मिळायला हवीत. सहावी ते आठवीसाठी हे प्रमाण ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिने असे आहे. प्राथमिकच्या ताटात १०० ग्रॅम तांदूळ आणि २० ग्रॅम डाळ धरली, की १२ ग्रॅमचा आकडा कागदावर जवळपास जुळतो.

मग अंडे कशाला, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. प्रथिने अमिनो आम्लांची बनलेली असतात आणि त्यांपैकी काही शरीराला स्वतः तयार करता येत नाहीत, ती अन्नातूनच मिळवावी लागतात. तांदळात त्यातले लायसिन कमी असते, डाळीत मेथिओनिन कमी असते. वरणभात एकत्र खाल्ला की एकाची उणीव दुसरे भरून काढते, म्हणून आपले पारंपरिक जेवण चुकीचे मुळीच नाही. मात्र हे गणित डाळ पुरेशी असेल तेव्हाच जमते. शिवाय ब-१२ हे जीवनसत्त्व धान्यात, डाळीत किंवा भाजीत नसते. रक्त तयार होण्यासाठी आणि मज्जासंस्थेसाठी ते आवश्यक असते आणि रोजच्या आहारात ते दूध, अंडी, मासे किंवा मांस यांतूनच येते. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम प्रथिने असतात आणि त्यात सर्व आवश्यक अमिनो आम्ले असतात. अ आणि ड जीवनसत्त्वेही त्यासोबत मिळतात. केळ्यात जेमतेम १ ग्रॅम प्रथिन असते आणि ब-१२ नसते. केळे उत्तम फळ आहे, पण पोषणाच्या हिशेबात ते अंड्याचा पर्याय नाही. वाटायला सोपे म्हणून ते पर्याय ठरले.

आणखी एक गोष्ट शाळेच्या स्वयंपाकघरात दिसते. तुरीच्या डाळीचा भाव चढला की वरण पातळ होते, खिचडीतली डाळ कमी होते आणि तपासणीच्या वहीत त्याचा मागमूस राहत नाही. अंड्यात पाणी घालता येत नाही. ट्रेमधून मोजून घेतलेली अंडी उकडून, सोलून पंगतीत वाढली जातात. प्रत्येक मुलाच्या हातात ते अख्खे पडते आणि पडले नाही तर वर्गातल्या प्रत्येकाला कळते.

आता पैशांकडे वळू. धान्य केंद्राकडून वेगळे मिळते. डाळ, भाजी, तेल, मसाला आणि इंधन यांसाठी प्राथमिकच्या एका मुलामागे दर दिवशीचा दर १ डिसेंबर २०२४ पासून ६ रुपये १९ पैसे होता. त्यात केंद्राचा वाटा ६० टक्के आणि राज्याचा ४० टक्के. बाजारात एका अंड्याची किंमत जवळपास तेवढीच असते. म्हणजे वेगळी तरतूद नसेल तर कितीही मनापासून काम करणाऱ्या बचत गटाला या दरात अंडे बसवता येणार नाही. राज्याने आठवड्याच्या अंड्यासाठी वर्षाला ५० कोटी रुपयांच्या आसपास तरतूद केली होती. ती काढून घेतल्यावर अंड्यावर बंदी घालण्याची गरजच उरली नाही.

इतर राज्यांनी हा प्रश्न कसा हाताळला? तमिळनाडूत १९८९ मध्ये पंधरवड्याला एक अंडे सुरू झाले आणि २०१० पर्यंत ते शाळेच्या पाचही दिवसांवर गेले, मधल्या काळात सरकारे बदलत राहिली तरीही. कर्नाटकात आक्षेप बरेच झाले. तिथे अंडे न खाणाऱ्यांना केळे किंवा शेंगदाण्याची चिक्की देण्याची सोय ठेवून योजना पुढे नेली गेली आणि २०२४ मध्ये अझीम प्रेमजी फाउंडेशनच्या मदतीने ती आठवड्याच्या सहा दिवसांवर नेण्यात आली.

ज्या घरात अंडे वर्ज्य आहे, त्या घराचा आग्रह योग्यच आहे. शाळेने मुलाला घरच्या रीतीविरुद्ध काही खायला लावू नये आणि शाकाहारी मुलाची भांडीही वेगळी ठेवावीत. पण २०१४ च्या एका सरकारी पाहणीनुसार महाराष्ट्रातले सुमारे ६० टक्के लोक मांसाहारी आहेत. एका मुलाचा नकार जपण्यासाठी शेजारी बसलेल्या मुलाचा होकार काढून घ्यावा लागत नाही.

‘लोकसहभाग’ या तोडग्यातला दोष इथेच आहे. ज्या गावात बागायत आहे, साखर कारखाना आहे, माजी विद्यार्थी पुण्या-मुंबईत नोकरीला आहेत, तिथे वर्गणी जमेल. मेळघाटातल्या किंवा अक्राणीतल्या पाड्यावर ती कोण देणार? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत राज्यातली पाच वर्षांखालील ३५.२ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी आढळली. आदिवासी भागातल्या सहा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी याच राज्याने अमृत आहार योजनेत आठवड्यातून चार वेळा अंडी ठरवली. अंगणवाडीत अंडे खाणारे ते मूल पहिलीत गेले की त्याची गरज संपते, असे कोणतेही पोषणशास्त्र सांगत नाही.

सरकारने अंड्याची तरतूद राज्याच्या अर्थसंकल्पात परत आणावी आणि तिचा दर बाजारभावाशी जोडावा. हिवाळ्यात अंडी महागतात, तेव्हा वरचे पैसे मुख्याध्यापकांच्या खिशातून जाता कामा नयेत. अंडे न खाणाऱ्या मुलांना केळ्याऐवजी दूध द्यावे आणि ‘हो’ की ‘नाही’ हे दर वर्षी जूनमध्ये पालकांकडून लेखी घ्यावे.